सुगंधी तेले: उपयोग किती, थेंब किती

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. गेले तीन-चार महिने रात्री अंथरुणावर पडल्यावर झोप लागायला दीड-दोन तास जातात आणि कामाचा ताण डोक्यातून उतरत नाही, म्हणून आपण दहा इसेन्शियल ऑइलांचा, म्हणजे वनस्पतींपासून काढलेल्या सुगंधी तेलांचा, एक संच आणि तेल हवेत पसरवणारे डिफ्यूझर नावाचे यंत्र घेतले. विक्रेत्याने सांगितले की, तेले पूर्णपणे नैसर्गिक असल्यामुळे ती थेट त्वचेवर लावली तरी चालतात आणि लिंबाच्या तेलाचे दोन थेंब रोज पाण्यातून घेतल्यास शरीर आतून शुद्ध होते. घरात दमा असलेल्या सासूबाई, दीड वर्षाची मुलगी आणि एक मांजर आहे. या तेलांचा खरोखर उपयोग होतो का, कोणते तेल कसे वापरावे आणि ते पिणे योग्य आहे का, असे आपण विचारले आहे.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण ते थांबू शकत नाही. तेल पिऊ नका. लिंबाचे तेल म्हणजे लिंबाचा रस नव्हे. ते सालीतून पिळून काढलेले, बहुतांशी लिमोनिन असलेले द्रव्य आहे आणि लिमोनिन हे उत्तम द्रावक आहे. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी पहिल्या दिवशी एक साधा प्रयोग करून दाखवते. थर्माकोलच्या पेल्याच्या तळाशी लिंबाच्या किंवा संत्र्याच्या तेलाचे काही थेंब टाकायचे आणि पेला बशीवर ठेवायचा. थोड्याच वेळात तळ खचू लागतो, चिकट होतो आणि भोक पडते. आपले पोट थर्माकोलचे नाही हे खरे, पण तेल पाण्यात मिसळत नसल्यामुळे ते दोन थेंब ग्लासात वर तरंगतात आणि ओठ, घसा व अन्ननलिका यांच्या नाजूक अस्तराला तसेच, न पातळ होता, भिडतात. शिवाय शरीर शुद्ध करण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे करतात, आणि बाहेरून आलेले तेल ही त्यांच्यासाठी मदत नसून जास्तीचे काम असते.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, नाहीतर आपण उद्या कुठेतरी वाचाल आणि मी अर्धेच सांगितले असे वाटेल. काही तेले पोटातून औषध म्हणून दिली जातात. पुदिन्याचे तेल भरलेल्या, जठरात न विरघळता आतड्यात उघडणाऱ्या कॅप्सूल आतड्याच्या क्षोभविकारात (आयबीएस) पोटातील कळांवर दिल्या जातात आणि त्यांना बऱ्यापैकी पुरावा आहे. लॅव्हेंडरच्या एका प्रमाणित तेलाची ८० मिलीग्रॅमची कॅप्सूल जर्मनीत अस्वस्थतेसाठी औषध म्हणून मान्य आहे. परंतु तेथे तेलाची घटना ठरलेली, मात्रा मोजलेली आणि वेष्टन विचारपूर्वक निवडलेले असते. बाजारातील बाटलीतून ग्लासात टाकलेल्या थेंबाला त्या चाचण्यांचा आधार देणे म्हणजे शेजाऱ्याच्या गुणपत्रिकेवर आपला प्रवेश मागण्यासारखे आहे.

आता मूळ वस्तूकडे येऊ. आपल्या भाषेत या द्रव्याला तेल म्हणतात आणि तेथेच पहिला गैरसमज होतो. खोबरेल किंवा तीळतेल हे स्निग्ध पदार्थ आहेत. ते कागदावर पडले की डाग कायमचा राहतो. सुगंधी तेलात स्निग्धांश नसतो. वनस्पतीच्या पानांतील, फुलांतील, सालीतील किंवा मुळांतील सूक्ष्म ग्रंथींमध्ये साठलेली उडून जाणारी रसायने वाफेबरोबर बाहेर काढायची, वाफ थंड करायची आणि पाण्यावर तरंगणारा थर वेगळा करायचा, ही त्याची नेहमीची रीत आहे. लिंबूवर्गीय फळांची साल मात्र दाबून पिळतात. उतारा किती कमी असतो हे गुलाबावरून कळते. एक किलो गुलाबतेलासाठी साधारण तीन ते चार हजार किलो पाकळ्या लागतात. म्हणजे बाटलीतला एक थेंब हा फुलाचा वास नसतो, तो ओंजळी-ओंजळींनी गोळा केलेल्या फुलांचा अर्क असतो. वनस्पती हे द्रव्य आपल्या आरामासाठी बनवीत नाही. कीटकांना हाकलण्यासाठी, बुरशीला रोखण्यासाठी आणि परागवाहकांना बोलावण्यासाठी ती ते बनवते. नैसर्गिक म्हणून निरुपद्रवी, हा युक्तिवाद त्यामुळे मुळातच टिकत नाही.

अरोमाथेरपी, म्हणजे सुगंधी तेलांनी करायचा उपचार, हा शब्द रूढ केला तो रने-मोरिस गातफोसे या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने. त्याच नावाचे त्यांचे पुस्तक १९३७ साली प्रसिद्ध झाले. त्यांच्याविषयी एक कथा प्रत्येक कार्यशाळेत ऐकू येते: प्रयोगशाळेत हात भाजला, त्यांनी तो चुकून शेजारच्या लॅव्हेंडर तेलाच्या भांड्यात बुडवला आणि हात चमत्कारासारखा बरा झाला. प्रत्यक्षात त्यांनी स्वतः लिहिले आहे ते वेगळे आहे. १९१० मध्ये प्रयोगशाळेतील स्फोटात ते भाजले, नंतर जखमांत वायुजन्य कोथ (गॅस गँगरीन, म्हणजे जंतूंमुळे मांस सडणे) सुरू झाला आणि लॅव्हेंडरच्या अर्काने धुतल्यावर तो आटोक्यात आला, असा तो वृत्तान्त आहे. चुकून बुडवलेला हात त्यात नाही. जाणत्या माणसाने जंतुनाशक म्हणून हेतुपूर्वक केलेला तो प्रयोग होता. मी ही कथा मुद्दाम दुरुस्त करते, कारण भाजलेल्या जागेवर निव्वळ लॅव्हेंडर ओतणारी माणसे मला आजही भेटतात. भाजल्यावर वीस मिनिटे वाहत्या थंड पाण्याखाली हात धरणे हाच पहिला उपचार आहे.

उपयोग होतो का, याचे उत्तर नाकापासून सुरू होते. वासाचे रेणू नाकाच्या वरच्या भागातील ग्राहकांना, म्हणजे वास टिपणाऱ्या रिसेप्टरांना, जाऊन चिकटतात. माणसात अशा ग्राहकांचे सुमारे चारशे प्रकार कार्यरत असतात. या ग्राहकांच्या जनुकांचा शोध लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सल यांनी १९९१ साली प्रसिद्ध केला आणि त्यासाठी त्यांना २००४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. दृष्टी किंवा श्रवण यांचे संदेश मेंदूच्या वरच्या भागात पोहोचण्यापूर्वी थॅलॅमस नावाच्या मधल्या ठाण्यावरून जातात. गंधाचा संदेश मात्र ते ठाणे टाळून भावना आणि स्मृती यांच्याशी निगडित भागांकडे जवळजवळ थेट जातो. बंद कपाट उघडल्यावर एखाद्या जुन्या शालीच्या वासाने माणूस क्षणभर गप्प होतो, तो याच जवळच्या वाटेमुळे. अरोमाथेरपीतील जे काही खरे आहे, त्याचा मोठा भाग या वाटेवर आहे.

मात्र ही वाट कुठवर जाते हेही पाहायला हवे. अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठात ५६ निरोगी व्यक्तींवर केलेला आणि २००८ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मी नेहमी उद्धृत करते. त्यात लिंबाच्या वासाने मनःस्थिती सुधारल्याचे दिसले. लॅव्हेंडरने तसे दिसले नाही. आणि त्वचा भरून येण्याचा वेग, वेदना, कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक यांवर दोन्ही तेलांचा ठळक परिणाम आढळला नाही. लॅव्हेंडरविषयी इतर ठिकाणी अनुकूल निष्कर्षही आहेत, पण ते अभ्यास बहुधा लहान असतात. त्यात आणखी एक अडचण असते: रुग्णाला वास येतोच, त्यामुळे त्याला न कळता खोटे औषध देता येत नाही. माझ्या स्वतःच्या बावीस वर्षांच्या कामावरून मला एवढेच म्हणता येते की, सुगंध मन शांत करायला, शरीराला सैल सोडायला आणि एखादी चांगली सवय पक्की करायला मदत करतो. तो संसर्ग, रक्तदाब, थायरॉईड किंवा नैराश्य यांचा उपचार नाही. ज्या विक्रेत्याच्या पत्रकात आजारांची यादी तेलांच्या यादीपेक्षा लांब असते, त्याच्याकडून काहीच घेऊ नये, असे मी सांगत असते.

त्वचेवर लावण्याचे काही उपयोग मात्र मोजून तपासलेले आहेत. टी ट्री या ऑस्ट्रेलियातील झाडाच्या पानांच्या तेलाच्या ५ टक्के जेलची तुलना मुरुमांसाठीच्या बेंझॉइल पेरॉक्साइडशी १९९० मध्ये १२४ रुग्णांवर केली गेली. टी ट्रीचा गुण उशिरा आला, पण त्रास कमी झाला. ताणामुळे होणाऱ्या डोकेदुखीत कपाळावर व कानशिलांवर लावलेल्या १० टक्के पुदिना तेलाच्या द्रावणाने आराम मिळाल्याचे जर्मनीतील संशोधनात आढळले आहे. पुदिन्यातील मेंथॉल एक गमतीची गोष्टही करते. ते थंडी ओळखणाऱ्या चेतातंतूंना जागे करते, त्यामुळे चोंदलेले नाक मोकळे झाल्यासारखे वाटते. हवेचा प्रवाह यंत्राने मोजला तर तो जवळपास तेवढाच असतो. वाटणे खोटे नाही आणि आरामही खोटा नाही, फक्त नाक खरोखर उघडले असे समजून ताप-खोकल्याकडे दुर्लक्ष करू नये.

आपल्या झोपेसाठी मी काय सुचवीन ते आता सविस्तर सांगते. दहाही तेले एकदम वापरायची नाहीत. एक निवडायचे. लॅव्हेंडर आपल्याला आवडत असेल तर तेच, आणि आवडत नसेल तर पुस्तकात काहीही लिहिलेले असो, ते बाजूला ठेवायचे. नकोशा वासाने झोप येत नाही. निवडलेला वास दिवसा कधीही वापरायचा नाही, ना कामाच्या जागी, ना आंघोळीला. तो फक्त झोपेचा वास व्हायला हवा. रात्री ठरलेल्या वेळी फोन दुसऱ्या खोलीत ठेवल्यावर, दिवे मंद केल्यावर, एका कापसाच्या बोळ्यावर एक थेंब टाकून तो उशीपासून हातभर अंतरावर, आपल्या बाजूच्या टेबलावर झाकणाच्या वाटीत ठेवायचा आणि पाच-सात मिनिटे सावकाश श्वास घ्यायचा. श्वास सोडायला आत घेण्यापेक्षा जास्त वेळ द्यायचा. मग वाटीचे झाकण लावायचे. पहिल्या दोन रात्रींत काही घडेल अशी अपेक्षा ठेवू नका. वास आणि विश्रांती यांची गाठ मेंदूत बसायला दोन-तीन आठवडे लागतात. एकदा ती बसली की, परक्या गावी, परक्या खोलीतही तोच बोळा उपयोगी पडतो. यात तेलाचे रसायन किती आणि सवयीचे बळ किती, असे विचाराल तर माझ्या मते सवयीचे बळ जास्त आहे, आणि मला त्यात काहीच कमीपणा वाटत नाही.

वास येईनासा झाला म्हणून थेंब वाढवू नका. ही चूक सर्वांत जास्त होते. नाक एकाच वासाला काही मिनिटांत सरावते आणि त्याची दखल घेणे सोडून देते. खोलीत वास तितकाच असतो, बाहेरून आलेल्या माणसाला तो भपकन जाणवतो, पण आपल्याला वाटते की तेल संपले. मग चाराचे आठ थेंब होतात, आठाचे पंधरा, आणि सकाळी डोके दुखते ते कशाने, हे कळत नाही.

मालिशसाठी तेल वापरायचे असेल तर ते साध्या तेलात पातळ करावेच लागते. याला आम्ही वाहक तेल म्हणतो: बदाम, तीळ, खोबरेल, काहीही चालते, ते ताजे असावे आणि खवट नसावे. हिशेब असा आहे. एका मिलीलिटरमध्ये साधारण २० थेंब धरतात. ३० मिलीलिटरच्या बाटलीत एक टक्का मिश्रण करायचे तर ०.३ मिलीलिटर, म्हणजे सहा थेंब. दोन टक्के म्हणजे बारा. चेहऱ्यासाठी एक टक्का किंवा त्याहून कमी, अंगाच्या मालिशसाठी दोन टक्के, एवढे निरोगी प्रौढाला पुरते. प्रत्यक्ष मिश्रण करताना मी आधी रिकाम्या बाटलीत सुगंधी तेलाचे थेंब मोजून घेते आणि मग वरून वाहक तेल ओतते, कारण उलटे केले आणि मोजताना हात चुकला तर पूर्ण बाटली वाया जाते. चंदनासारखे घट्ट तेल जाड आणि संथ थेंब देते, लिंबाचे पातळ तेल भराभर छोटे थेंब टाकते. त्यामुळे थेंबांचा हिशेब हा अंदाजच असतो. म्हणून शंका आली की एक थेंब कमीच टाकावा. तयार मिश्रणाचा एक ठिपका कोपराच्या आतल्या बाजूस लावून एक-दोन दिवस वाट पाहिल्याशिवाय अंगभर वापरू नये.

पातळ न करता लावल्याने काय होते याचे उदाहरण माझ्याच हातांवर आहे. सुरुवातीच्या काळात मी हातमोजे न घालता दिवसभर मिश्रणे करीत असे आणि बोटांवर सांडलेले गवती चहाचे तेल तसेच पुसून टाकीत असे. तिसऱ्या वर्षी बोटांच्या बेचक्यांत खाज सुटली, मग भेगा पडल्या. त्वचारोगतज्ज्ञांनी चाचणी केली तेव्हा त्या तेलातील सिट्रलची ॲलर्जी निघाली. अशी ॲलर्जी एकदा जडली की सहसा जात नाही. आजही लिंबाच्या वासाच्या एखाद्या साबणाने हात धुतला की त्याच बेचक्या लाल होतात. युरोपीय संघाने २००३ सालीच सौंदर्यप्रसाधनांच्या वेष्टनावर ठरावीक मर्यादेपुढे नाव छापणे बंधनकारक असलेल्या २६ गंधद्रव्यांची यादी केली. तीत सिट्रलबरोबर लिनॅलूल आणि लिमोनिनही आहेत, म्हणजे ‘सौम्य’ समजल्या जाणाऱ्या लॅव्हेंडरचा एक मुख्य घटक असलेले लिनॅलूलसुद्धा.

आपल्या संचातील बाटल्यांबद्दल आता एकेक सांगते, पण सर्वांना सारखा वेळ देणार नाही, कारण सगळ्या सारख्या धोक्याच्या नाहीत.

विंटरग्रीन या झुडपाच्या पानांच्या तेलाची बाटली आजच कुलुपात ठेवा, किंवा खरे तर घरात ठेवूच नका. हे तेल जवळपास पूर्णपणे मिथिल सॅलिसिलेट, म्हणजे ॲस्पिरिनच्या कुळातले द्रव्य, असते. त्याच्या एका चहाच्या चमच्यात सुमारे ७ ग्रॅम सॅलिसिलेट येते, म्हणजे ३२५ मिलीग्रॅमच्या ॲस्पिरिनच्या वीसहून अधिक गोळ्या. दीड वर्षाच्या मुलीने एक घोट घेतला तरी तो जिवावर बेतू शकतो. रक्त पातळ करणारे वॉरफरिनसारखे औषध घेणाऱ्या व्यक्तीने हे तेल सांध्यांवर चोळले तरी रक्तस्रावाचा धोका वाढतो. दालचिनीच्या सालीचे आणि लवंगेचे तेल त्वचेला पोळते. लवंगेतील युजेनॉल दातदुखी बधिर करते हे खरे आहे, पण निव्वळ तेल हिरडीवर वारंवार लावल्याने हिरडीलाच जखम होते. दालचिनीचे तेल आंघोळीच्या पाण्यात टाकू नका, आणि खरे म्हणजे कोणतेच तेल तसे पाण्यात टाकू नका. ते पाण्यात विरघळत नाही, पृष्ठभागावर ठिपक्यांनी तरंगते आणि अंगाच्या सर्वांत नाजूक जागी जाऊन चिकटते. टबातच हवे असेल तर चार-पाच थेंब आधी चमचाभर वाहक तेलात किंवा बिनवासाच्या द्रवसाबणात मिसळून घ्यावेत.

बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाच्या सालीचे तेल माझे अत्यंत आवडते आहे, आणि म्हणूनच त्याच्याविषयी जरा थांबून सांगते. त्याचा वास एकाच वेळी उजळ आणि शांत असतो, ताण उतरवण्यासाठी मी तो सर्वांत जास्त वापरते. पण पिळून काढलेल्या बर्गमॉटमध्ये बर्गाप्टेन नावाचे द्रव्य असते. ते त्वचेवर असताना ऊन लागले तर भाजल्यासारखे फोड येतात आणि नंतर महिनोन्‌महिने तपकिरी डाग राहतात. एका तरुणीने समारंभाला जाताना मानेवर निव्वळ बर्गमॉटची दोन बोटे ओढली होती आणि दुपारभर ती उघड्यावर वावरली. चार दिवसांनी ती माझ्याकडे आली तेव्हा मानेवर बोटांच्या त्याच दोन रेघा, अगदी खाली ओघळलेल्या थेंबासकट, काळ्यासावळ्या उमटलेल्या होत्या. सुरक्षित मर्यादा ०.४ टक्के आहे, म्हणजे ३० मिलीलिटरमध्ये दोनच थेंब. त्याहून जास्त लावलेल्या जागेला किमान बारा तास ऊन लागू देऊ नये. पिळलेल्या लिंबाच्या तेलालाही हाच नियम थोड्या सैल मर्यादेत, सुमारे दोन टक्क्यांपर्यंत, लागू होतो. वाफेने काढलेल्या तेलात हे जड द्रव्य येत नाही, म्हणून बाटलीवर काढण्याची पद्धत लिहिलेली आहे का ते पाहावे. वासापुरते वापरल्यास बर्गमॉटचा काही प्रश्न नाही.

टी ट्री त्वचेसाठी, निलगिरी आणि पुदिना सर्दीत प्रौढांसाठी, एवढा त्यांचा उपयोग ठेवावा. वाफारा घेताना भांड्यात एकच थेंब पुरतो, डोळे मिटलेले असावेत आणि मूल आसपास नसावे. वाफाऱ्याच्या भांड्याने भाजलेली मुले ही तेलांपेक्षा मोठी समस्या आहे.

घरातील माणसांचा विचार आता करू, कारण डिफ्यूझर चालू केला की तेल फक्त आपण घेत नाही, घर घेते. सासूबाईंना दमा असताना बैठकीच्या खोलीत डिफ्यूझर लावू नये. हवेत उडणारी ही द्रव्ये, कितीही सुवासिक असली तरी, संवेदनशील श्वासनलिकांना आकुंचित करू शकतात. ‘नैसर्गिक आहे, दम्याला बरेच पडेल’ असे सांगणाऱ्याने रात्री दोन वाजता इनहेलर शोधणारे माणूस बहुधा पाहिलेले नसते. म्हणूनच मी आपल्याला कापसाचा बोळा सुचवला, यंत्र नाही. यंत्र वापरायचेच तर आपल्या बंद खोलीत, १०० मिलीलिटर पाण्यात तीन थेंब, अर्धा तास, नंतर बंद आणि खिडकी उघडी. मुलगी आपल्याच खोलीत झोपत असेल तर तेही नको.

मुलीच्या बाबतीत नियम सोपा आहे: सध्या काहीच नाही. निलगिरी, पुदिना आणि कापूर असलेले काहीही तान्ह्या आणि लहान मुलांच्या नाकाजवळ, छातीवर किंवा चेहऱ्यावर लावू नये. त्याने लहान मुलांचा श्वास अडू शकतो. कापूर पोटात गेल्यास मुलांना झटके येतात. काही मिलीलिटर निलगिरीने ग्लानी आणि झटके दोन्ही येऊ शकतात. मूल तेल प्यायले तर उलटी करवू नका, कारण उलटीबरोबर तेल फुप्फुसात गेले तर तेथे अधिक मोठे नुकसान होते. बाटली बरोबर घेऊन तत्काळ रुग्णालय गाठा. डोळ्यात उडाले तर पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याने धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. त्वचेवर निव्वळ तेल सांडून जळजळ झाली तर आधी खोबरेलासारख्या साध्या तेलाने पुसून घ्या आणि मग साबणाने धुवा, नुसत्या पाण्याने ते पसरते.

मांजराला ही द्रव्ये शरीरातून बाहेर टाकण्यासाठी लागणारी यकृतातील एक महत्त्वाची प्रक्रिया नीट करता येत नाही. टी ट्रीचे तेल तर मांजराच्या अंगावर मुळीच लावू नये, पिसवांसाठीसुद्धा. हवेतील तुषार तिच्या केसांवर बसतात आणि ती ते चाटून घेते. डिफ्यूझर चालू असताना तिला त्या खोलीतून बाहेर जाता आले पाहिजे.

पुढे आपण गरोदर राहण्याचा विचार करीत असाल, अपस्माराचा त्रास असेल किंवा नियमित औषधे चालू असतील, तर यातले काहीही अंगाला लावण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना बाटलीचे नाव दाखवून विचारावे.

खरेदीविषयी थोडेच. ‘थेरप्युटिक ग्रेड’ हे शब्द वाचून प्रभावित होऊ नका. अशी श्रेणी देणारी कोणतीही स्वतंत्र संस्था नाही, ते शब्द विक्रेत्यांनी स्वतःच छापलेले असतात. त्याऐवजी वनस्पतीचे शास्त्रीय नाव, कोणता भाग वापरला, कोणत्या देशातील, बॅच क्रमांक आणि रासायनिक विश्लेषणाचा अहवाल पाहावा. लॅव्हेंडरमध्ये हे विशेष महत्त्वाचे आहे. ‘लॅव्हॅन्ड्युला अँगुस्टिफोलिया’ हे शांत वासाचे खरे लॅव्हेंडर आहे. लॅव्हॅन्डिन नावाची संकरित जात उत्पन्न जास्त देते आणि त्यामुळे स्वस्त असते, पण तिच्यात कापराचा अंश अधिक असतो व तिचा वास माणसाला सुस्त करण्याऐवजी तरतरी देतो. झोपेसाठी लॅव्हेंडर घेतले आणि झोप उडाली, अशी तक्रार आली की मी आधी बाटलीवरचे नाव वाचायला सांगते. घरच्या घरी एक ढोबळ परीक्षा करता येते: टीपकागदावर थेंब टाकून एक दिवस ठेवावा. स्निग्ध डाग राहिला तर साधे तेल मिसळलेले असण्याची शक्यता असते. चंदन किंवा पचौलीसारखी जड तेले अपवाद आहेत, आणि कृत्रिम सुगंध मिसळलेला असेल तर कागद काहीच सांगत नाही.

तेले जुनी होतात. हवा, ऊन आणि उष्णता यांमुळे लिमोनिन व लिनॅलूल यांच्यापासून अशी संयुगे तयार होतात जी ॲलर्जी घडवण्यात मूळ घटकांपेक्षा पुढे असतात. बाटली गडद काचेची, घट्ट झाकणाची आणि थंड जागी असावी. उघडली त्या दिवसाची तारीख झाकणावर लिहावी. लिंबूवर्गीय तेले आणि टी ट्री वर्षभरात संपवावीत, लॅव्हेंडर दोनेक वर्षे टिकते, आणि चंदन, वाळा, पचौली यांचा वास मात्र जुन्या लोणच्यासारखा मुरत जातो. लिंबाच्या तेलाला रंगाच्या दुकानातल्या टर्पेंटाइनची झाक आली की ते टाकून द्यावे.

आता आपल्यासाठी नेमके काय. विंटरग्रीन, दालचिनी आणि लवंग बाजूला काढा. लॅव्हेंडरची बाटली उशाच्या खणात नको, मुलीचा हात पोहोचणार नाही अशा कपाटात ठेवा. बर्गमॉट संध्याकाळी काम संपल्यावर रुमालावर एक थेंब, तेवढेच. झोपेची चार आठवड्यांची नोंद वहीत ठेवा: अंथरुणावर किती वाजता, झोप अंदाजे किती वाजता, रात्री किती वेळा जाग आली. चार आठवड्यांनंतर दीड-दोन तासांचा अवधी पाऊण तासावर आला असेल तर हीच पद्धत चालू ठेवा. फरक पडला नसेल, किंवा त्याआधीच घरच्यांनी आपले घोरणे आणि मध्येच श्वास थांबणे पाहिले असेल, सकाळी उठून काहीच करावेसे वाटत नसेल, तर ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा. माझ्याकडे येण्याची गरज नाही, त्या नोंदीतून त्यांना जे दिसेल ते मला कोणत्याही बाटलीतून दिसणार नाही.